वारं गेलेले डबे

आप्पा डबा हातात आला की आधी कानाशी न्यायचे. मग हळूच हलवायचे. आतली गोळी खडखडली की डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसायचे. गोळी चिकटलेली असली तर डबा उलटा करून बुडाला टिचक्या मारायचे आणि पुन्हा ऐकायचे. हे चालू असताना समोर मोठे साहेब उभे असले तरी त्यांना थांबावं लागे. शेवटी आप्पा निकाल द्यायचे आणि तो बहुधा एकच असे. "वारं गेलंय. पण माल हाय."

डबा म्हणजे रंगाच्या फवाऱ्याचा डबा. वरची गुंडी दाबली की आतल्या वायूच्या जोरावर रंग फुस्स करून बाहेर येतो, तो. आत रंग ढवळायला एक गोळी असते. आज तो कुठल्याही दुकानात मिळतो. त्या वेळी लातुरात तो कुणी पाहिला नव्हता. दुष्काळात बोअर पाडायला परदेशी मदतीतून यंत्रं आली, त्यांच्याबरोबर खोक्यांतून हे डबे आले. त्यांच्यावर काय लिहिलं होतं ते आम्हाला वाचता येत नव्हतं. ते उभे धरायचे असतात हे सांगायलाही कुणी आलं नाही. आमच्या माणसांनी ते होळीतल्या पिचकारीसारखे वाटेल तसे, बहुतेक वेळा उलटे धरून मारले. उलटा धरला की वायू तेवढा निघून जातो आणि रंग आतच राहतो. त्यामुळे थोड्याच दिवसांत आमच्याकडे न उडणाऱ्या पण भरलेल्या डब्यांचा ढीग लागला.

जिल्हा नवा होता. जुन्या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला तेव्हा मिठाई वाटली गेली, मिरवणूक निघाली. नंतर वाटणीचं सामान ट्रकमधून आलं. तीन पायांच्या खुर्च्या, किल्ली नसलेली कपाटं, आणि आणखी एक खोकं, तसल्याच डब्यांचं. ते खोकं उतरवून घेताना स्टोअरकीपर म्हणून आप्पांनी सही केली. इतर कुणी असतं तर त्याने शेरा मारून ते परत पाठवलं असतं. आप्पांनी एकेक डबा कानाशी नेऊन ऐकला आणि म्हणाले, "ह्यांला काय कळतंय. माल हाय."

मी नांदेडचा. नुकताच पाणीपुरवठा खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून नव्या जिल्ह्यात बदलून आलो होतो आणि आप्पांच्याच घरात पुढच्या खोलीत भाड्याने राहत होतो. त्यामुळे दिवसभर कचेरीत आप्पा आणि संध्याकाळी अंगणात आप्पा, असं माझं चाललं होतं. आता वयाची पन्नाशी ओलांडल्यावर माणसं अधूनमधून स्वप्नात येतात. वडील येतात, गेलेला मित्र येतो. आप्पा येत नाहीत. ते जागेपणी येतात, आणि नेमके बाथरूममध्ये. बादली भरून वाहू लागली आणि नळ बंद करायला मला उशीर झाला की कुणीतरी मागे उभं आहे असं वाटतं. कुणी न सांगता मी माफी मागतो. घरातले हसतात.

आप्पा बुटके होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, धोतर, आणि गळ्यात लिंगायतांचं लिंग. डब्यांचं काम काढलं की ते लिंग आधी सदऱ्याच्या आत सारायचे. "त्याला कशाला वास," म्हणायचे. त्यांना चिक्कू म्हणावं तर आल्यागेल्याला ते ताटभर वाढायचे. भांडण होतं ते आत राहिलेल्याशी. एखाद्या वस्तूच्या पोटात काहीतरी उरलंय आणि ते बाहेर येत नाही, हे त्यांना सहन व्हायचं नाही. दाढीच्या क्रीमची नळी ते ब्लेडने उभी चिरायचे. शाईची दौत पालथी घालून रात्रभर वाटीवर ठेवायचे. एकदा कचेरीतला एक अबोल कारकून सबंध दिवस गप्प बसून होता, तर आप्पा दुपारी त्याच्या पाठीवर थाप मारून आले. "आत काय तरी हाय त्याच्या," मला म्हणाले. तो कारकून दुसऱ्या दिवशी रजेवर गेला.

डब्याला त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी गुंडी काढायची, ती रॉकेलमध्ये भिजवून सुईने भोक साफ करायचं. पुष्कळदा दोष तिथेच असे. तरी रंग आला नाही तर दुसऱ्या डब्याची गुंडी लावायची. तरी नाही, तर डबा कोमट पाण्यात उभा करायचा. पाणी उकळतं नको, हाताला सोसेल इतकंच, म्हणजे आत उरलेल्या वायूला जरा बळ येतं. इथे घरात भांडण व्हायचं.

"माणसाला आंघोळीला तांब्याभर पाणी मिळंना," काकू, म्हणजे आप्पांची बायको, चुलीपाशून ओरडायच्या, "अन् ह्यांचे डबे घंगाळात बसून शेकालेत!"

"तेच पाणी तुला भांडी घासायला देतो की."

"रंगाच्या पाण्यानं भांडी घासू?"

"बाहेरून लागलंय. आतलं आतच हाय."

"तेच तर रडं हाय," काकू म्हणायच्या.

टँकर गल्लीत कधी येईल याचा नेम नव्हता. आला की हातातलं टाकून पळायचं. अशा दिवसांत त्या घंगाळातल्या डब्यांकडे बघताना मलाही राग यायचा, आणि मग रागाची लाज वाटायची, कारण स्वतःच्या वाटणीच्या पाण्यातलं रोज एक कळशी पाणी आप्पा माझ्या खोलीत आणून ठेवायचे.

काकूंनी घंगाळ लपवून ठेवलं तेव्हा आप्पांनी डबे कचेरीच्या पत्र्यावर उन्हात ठेवले. एप्रिलचं ऊन. खाली साहेबांची बैठक चालू होती आणि टंचाईच्या गावांची नावं वाचली जात होती. धाडकन आवाज झाला. साहेब टेबलाखाली गेले. टंचाई शाखेचे हेडक्लार्क आडवे झाले. बाहेर जाऊन बघतो तर शेजारच्या वखारीच्या पांढऱ्या भिंतीवर निळा रंग उडालेला आणि पत्र्याला खळगा. आप्पा शिडीवर उभे राहून भिंतीकडे कौतुकाने बघत होते. "बघा साहेब," ते मला म्हणाले. "म्हनलं हुतं ना, माल हाय."

त्यांना खूप बोलणी बसली. तेव्हापासून त्यांनी शेवटचा उपाय धरला. डबा उलटा करून गुंडी दाबून ठेवायची, फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत. उरलंसुरलं वारं असं जाऊ द्यायचं. मग अंगणात, चुलीपासून लांब, डब्यावर ओलं पोतं टाकून खिळ्याने बुडाला बारीक भोक पाडायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून रंग वाटीत गाळायचा. थोडं अळशीचं तेल, आणि ब्रशने लावायचा. फवारा मारण्यासाठी आलेला रंग आमच्या जिल्ह्यात असा ब्रशने लागला.

लागला तो हातपंपांवर. त्या उन्हाळ्यात पोटाच्या साथीने गावं हैराण होती. चालू असलेल्या पंपांचं पाणी तपासायला जायचं. ज्याचं दूषित निघेल त्या पंपाला लाल रंग द्यायचा, असं एका बैठकीत ठरलं. त्या बैठकीत मी होतो. चांगल्या पंपांना हिरवा द्यायचं ठरलं होतं, पण हिरवे डबे फारच थोडे होते, म्हणून चांगले तसेच सोडायचं ठरलं. लाल म्हणजे धोका. यावर चर्चासुद्धा झाली नाही. त्या खोलीत डोक्यावर घागर घेऊन कधी चाललेलं एकही माणूस नव्हतं, हे मला फार वर्षांनी सुचलं.

आप्पा खूश होते. त्यांच्या मेलेल्या डब्यांना काम मिळालं. ते माझ्याबरोबर जीपमध्ये यायचे, वाटी मांडीवर धरून. निलंगा तालुक्यातल्या एका गावी त्यांची एकुलती एक मुलगी महानंदा दिली होती. तिथेही एकच पंप चालू होता, बाकीचे कोरडे. त्या एकाच पंपाचं पाणी खराब निघालं. बोअरभोवतीचं सिमेंटचं काम खचलं होतं आणि वरचं घाण पाणी आत मुरत होतं. दुरुस्तीला सामान यायचं होतं. दुसरं पाणी म्हणजे शिवेपलीकडच्या मळ्यातली विहीर, लांबची. आप्पांनी तिथला पंप जरा जास्तच मन लावून रंगवला. मुलीचं गाव. अळशीच्या तेलाने रंगाला चकाकी आली. मी जमलेल्या बायांना सांगितलं की हे पाणी पिऊ नका, वापरा हवं तर. सरपंचाने मान हलवली. आम्ही चहा घेऊन निघालो.

महानंदाला सातवा महिना लागला तेव्हा ओटी-चोळीसाठी ती एका दिवसापुरती माहेरी आली. सावळी, हसरी, बापासारखीच बुटकी. जेवताना ती म्हणाली, "आप्पा, तुमी तर आमच्या गावाला देवच देऊन आलाव."

"काय झालं?"

"तुमच्या लाल पंपाला नारळ फुटालेत. मंगळवारी, शनिवारी तर नुसती रीघ. आमच्या सासूबाई रोज सकाळी हळद-कुंकू वाहून मग दांडा मारतात."

काकू हसल्या. मीही हसलो. आप्पांचा घास हातातच राहिला.

"अन् पाणी?"

"पाणी काय, तेच पितो आमी."

"तुला सांगितलं हुतं ना पिऊ नको म्हणून?"

"मला सांगितलाव. सासूबाईला कोण सांगंल? मी म्हनलं तर म्हणतात, समदे पंप आटले अन् लाल लागला तेवढाच चालू राहिला. मारुतीला लाल, म्हसोबाला लाल, सवाष्णीच्या कपाळाला लाल. वाईट असतं तर लाल कशाला लावला असता तुझ्या बापानं?"

इंजिनिअरिंगला मी वर्गात चांगला होतो. चालू पंपांचीच तपासणी होते, म्हणून चालू पंपच लाल होतात. आणि गावाला दिसतं ते उलटं, की लाल झालेलाच चालू राहतो. म्हातारीच्या हिशेबात कुठेही चूक नव्हती.

"गावात कुणाला हगवण-उलटी?" मी विचारलं.

"हाय की. उन्हाळा म्हणलं की हायच. धाकटी जाऊ पडूनच हाय." मग तिने ताटात बघत दुसरी गोष्ट सांगितली. "अन् आई, बाळंतपणाला मी यायची न्हाई. सासूबाई म्हणल्या, लातुरात प्यायला पाणी न्हाई, बाळंतिणीला रोज न्हाणी लागतात. इथं देवाचं पाणी हाय. पहिलं बाळंतपण माहेरी, ते सुकाळातलं."

काकू भाकरी थापायच्या थांबल्या. तव्यावरची करपली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने महानंदा गेली.

आप्पा आधी सरळ मार्गाने गेले. विहीणबाईंना भेटायला गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणल्या, व्याही, पोरीला माहेरी न्यायचं निमित्त शोधालाव. न्यायचं तर सरळ बोला, देवाच्या पाण्याला नावं ठेवू नका." मग थोड्या वेळाने म्हणाले, "चहा दिला त्यांनी. त्याच पाण्याचा. पिलो."

"कशाला प्यायलात आप्पा?"

"उकळलेला हुता. अन् व्याह्याच्या घरी चहाला न्हाई म्हणत्यात का?"

मग आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब वाईट नव्हते. उन्हाने, दौऱ्यांनी आणि वरच्या फोनने पिचलेले होते. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "लाल म्हणजे धोका. सगळ्या जगात. आता नारळ फोडतात म्हणून मी जगाचा रंग बदलू का? गावात सभा घ्या. समजावून सांगा." मी तीन गावांत सभा घेतली. लोकांनी शांतपणे ऐकलं. एका गावी सभेनंतर मला त्याच पंपाचा प्रसाद मिळाला.

आप्पा त्या आठवड्यात संध्याकाळी अंगणात बसून डबे ऐकायचे आणि बाजूला ठेवायचे. एका सकाळी मी उठून बघतो तर त्यांनी उरलेले सगळे डबे पोत्याखाली घेतले होते. लाल, निळे, पिवळे, चंदेरी, ते थोडे हिरवेही. एरवी ते रंगाला रंग लागू द्यायचे नाहीत. त्या दिवशी सगळं एकाच पत्र्याच्या डब्यात गाळलं आणि काडीने ढवळत बसले.

काकू बाहेर आल्या. "हे काय शेण कालवलाव?"

खरोखरच शेणासारखा रंग झाला होता. वाळलेल्या शेणावर पाणी पडल्यावर होतो तसा, काळपट, मेलेला. आप्पा कितीतरी दिवसांनी हसले. "ह्याला कुणी कुंकू म्हणायचं न्हाई."

मी म्हणालो, "आप्पा, आदेश लालचा आहे."

"लाल हाय की ह्यात. आत हाय."

मी जीप काढली. साहेबांची परवानगी घेतली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळची बायांची गर्दी सरली होती. पंपाच्या गळ्यात शेवंतीचा सुकलेला हार होता. दांड्याला पिवळा दोरा गुंडाळलेला. पायाशी करवंट्या, उदबत्तीची राख. आप्पांनी चप्पल काढली. हात जोडले. मग हार उतरवला, दोरा सोडवला, करवंट्या गोळा केल्या, आणि सगळं बाजूच्या दगडावर नीट मांडून ठेवलं. त्यानंतरच ब्रश बुडवला.

वरची टोपी रंगवून झाली तेवढ्यात एक मुलगी बघून पळाली. आप्पांनी डब्यातला रंग निपटून बाकीचा पंप पुरा केला तोवर बाया आल्या. सगळ्यांच्या पुढे विहीणबाई. उंच, हाडकुळी बाई, हातात रिकामी घागर.

"अगं बया!" एक ओरडली. "देवाला काळं फासलं!"

"काळं न्हाई बाई, हे..." आप्पा म्हणायला लागले. त्या रंगाला नाव नव्हतं.

विहीणबाई ओरडल्या नाहीत. त्या जवळ आल्या, ओल्या रंगाला बोट लावून बघितलं आणि बोट पदराला पुसलं. "व्याही," त्या म्हणाल्या, "माणसाच्या तोंडाला काळं फासतात, ते ऐकलं हुतं. तुमी माझ्या गावात येऊन पाण्याच्या तोंडाला फासलाव."

"पाणी खराब हाय विहीणबाई. महादेवाची आण."

"पोरगीच न्यायची हुती ना? न्या. आत्ताच्या आत्ता न्या. अन् पुन्हा ह्या शिवेत पाय ठेवू नका."

महानंदा बोचकं घेऊन आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. नवरा शेतावर होता, त्याला निरोपसुद्धा नाही. जीपमध्ये ती मागे बसली. गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "मला एकदा इचारायचं तरी, आप्पा."

"इचारून काय झालं असतं?"

"काय तरी झालं असतं. मी काय तुमचा डबा हाय का, उलटा करून ठोकायला?"

आप्पा मांडीवरच्या रिकाम्या डब्याकडे बघत राहिले. मी गाडी चालवत होतो. रस्ता खराब होता आणि तिला धक्के बसू नयेत म्हणून मी अगदी सावकाश चालवत होतो. मला एवढंच करता येत होतं.

साहेबांना चार दिवसांत कळलं. त्यांनी आप्पांना उभं करून विचारलं, "कुठल्या रंगाचा आदेश होता?" आप्पा म्हणाले, "लाल." साहेब म्हणाले, "तुम्ही कुठला लावला?" आप्पा म्हणाले, "समदे." साहेबांना हसू आलं, म्हणून ते जास्तच चिडले. मला खोलीबाहेर काढलं होतं. मी दारामागे उभा राहून ऐकत होतो.

महानंदाचं बाळंतपण लातुरातच झालं. मुलगी झाली. मायलेकी धड होत्या. बाळंतिणीच्या पाण्यासाठी आप्पा पहाटे टँकरच्या रांगेत कळशा लावायचे, मी कचेरीतून येताना सायकलला कॅन अडकवून आणायचो. महानंदा बापाशी बोलायची ती आईमार्फत. "आई, त्यांना सांग, कळशी उंबऱ्यात ठेवू नका." आप्पा तिथेच असायचे. ते कळशी उचलून आत ठेवायचे. जावई एकदा संध्याकाळी येऊन गेला, चोरासारखा. मुलीच्या मुठीत बोट देऊन बसला आणि शेवटची गाडी आहे म्हणून उठला. सासरचं दुसरं कुणी फिरकलं नाही.

बारशाच्या दिवशी घरात शेजारच्या चार बाया होत्या. पाळणा मागून आणलेला. इतक्यात दारात विहीणबाई उभ्या. डोक्यावर घागर, घागरीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. निलंग्याहून एसटीत घागर मांडीवर घेऊन आल्या होत्या. लुगडं पुढून भिजलेलं होतं.

काकू उठल्या तोवर त्यांनीच घागर खाली ठेवली. "मळ्यातल्या विहिरीचं हाय," त्या काकूंना म्हणाल्या. "त्या पंपाचं न्हाई. लेकराला न्हाऊ घाला."

महानंदा आतून आली आणि सासूच्या पाया पडली. मग मात्र ती रडली. विहीणबाईंनी स्वतः पाटावर बसून नातीला पायावर घेतलं आणि न्हाऊ घातलं. एक थेंब इकडेतिकडे जाऊ दिला नाही. धाकटी सून बरी झाल्याचं सांगितलं. कशाने बरी झाली ते सांगितलं नाही. गावात आता पंपावर फक्त जनावरांना पाणी पाजतात, हे बोलता बोलता आलं. "तसलं तोंड बघून कोण भरंल पाणी," एवढंच म्हणाल्या. आप्पांकडे त्यांनी अजून बघितलं नव्हतं.

नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि मग त्या ओसरीवर आल्या. आप्पा तिथे माझ्याशेजारी बसले होते.

"व्याही," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या पल्याडच्या वाडीतबी तुमचा लाल पंप हाय. तिथली दोन लेकरं परवा निलंग्याच्या दवाखान्यात नेली. तिथं नारळ चालूच हायत. तिथं का न्हाई फासलाव?"

"रंग सरला विहीणबाई. डबे समदे संपले."

त्यांनी पहिल्यांदा आप्पांकडे वळून बघितलं. "का? लातुरात दुकानं न्हाईत?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी आप्पांकडे बघितलं आणि आप्पांनी माझ्याकडे. एक स्टोअरकीपर, एक इंजिनिअर. काळा रंग बाजारात मिळतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. इतके दिवस त्याचा विचार आमच्या डोक्यात आला नव्हता. त्यांच्या डोक्यात डबे होते. माझ्या डोक्यात आदेश होता.

आप्पा उठले. टोपी घातली आणि भर दुपारी बाजारात गेले. परत आले ते काळ्या ऑइलपेंटचा मोठा, सीलबंद डबा आणि दोन कोरे ब्रश घेऊन. ओसरीवर बसून त्यांनी पेचकसाने झाकण उचकटलं. रंग काठोकाठ होता. ते त्याच्याकडे जरा अनोळखी नजरेने बघत राहिले.

"चला साहेब," मग ते म्हणाले. "तुमाला यायचं असलं तर."

बारशाच्या घुगऱ्या खिशात टाकून मी निघालो. त्या दिवशी आणि पुढच्या दिवसांत जमेल तितकी गावं आम्ही केली. सगळी झाली नाहीत. त्या राहिलेल्या गावांची नावं मला अजून आठवतात. जिथे गेलो तिथे शिव्या खाल्ल्या. प्रत्येक ठिकाणी आप्पा चप्पल काढायचे, हात जोडायचे, हार आणि करवंट्या बाजूला मांडून ठेवायचे. मग ब्रश. मी दुसऱ्या बाजूने रंगवायचो.

लोह्याकडच्या हद्दीवर एक गाव होतं. तिथे आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पंपापाशी एक म्हातारी रिकामी घागर घेऊन बसली होती. आप्पांनी रंग लावायला सुरुवात केली तशी ती उठली आणि जवळच्या उकिरड्यावरून शेणाचा गोळा उचलून तिने फेकला. तो आप्पांच्या पाठीवर, पांढऱ्या सदऱ्यावर बसला. आप्पा वळले नाहीत. म्हातारी बराच वेळ बडबडत उभी होती. मग घागर कमरेवर घेऊन चालू लागली.

"गेली का?" आप्पांनी विचारलं.

"गेली."

"कुणीकडं?"

मी बघितलं. तिची पाठ उतारावरून लहान होत चालली होती. विहीर तिथून लांब होती आणि तिच्या पायात चप्पल नव्हती.

"विहिरीकडं," मी म्हणालो.

"बरं," आप्पा म्हणाले, आणि पंपाची मागची बाजू राहिली होती, ती रंगवायला खाली बसले.